मामांची अर्धी लाईटीची गाडी

आमच्या मामांनी सगळी नोकरी तहसील कचेरीत केली. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि लिंबागणेशला घरी येऊन राहिले, पण कारकुनी काही सुटली नाही. आधी लोक त्यांच्याकडे यायचे, आता ते लोकांकडे जातात, इतकाच फरक. कुणी म्हैस घेतली, कुणी विहीर खोदली, कुणी नुसता पत्र्याचा शेड मारला, तरी मामा हजर. "त्याला योजना हाय. जीआर बघितला का?" शासन निर्णय, म्हणजे ज्याला सगळा महाराष्ट्र जीआर म्हणतो, तो मामा चहाबरोबर वाचतात. दुसरी माणसं पेपरातलं राशिभविष्य वाचतात तसा. यात आपल्यासाठी काय आहे, एवढंच बघत.

गाडी घ्यायचं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. मनात आलं ते त्यांच्या इवायामुळं. इवाई म्हणजे माझ्या मामेबहिणीचे सासरे, राहणार वडवणी, कापसाचा आणि किराण्याचा जुना व्यापार. त्यांनी एक दिवस पूर्ण बॅटरीवर चालणारी गाडी घेतली आणि ती दाखवायला लिंबागणेशला घेऊन आले. आवाज न करता ती अंगणात येऊन उभी राहिली. हिरवीगार नंबरप्लेट, त्यावर पांढरी अक्षरं. मामांनी गाडीकडं फारसं पाहिलं नाही. त्यांची नजर त्या प्लेटवरच खिळली.

"ही हिरवी कावून?" मामांनी विचारलं.

"इलेक्ट्रिक हाय ना," इवाई म्हणाले. "सरकारनं टॅक्स माफ केलाय. मोठ्या रस्त्याला टोल बी न्हाई. इवाईबुवा, तुमच्यासारख्या जीआरवाल्या माणसाला आमी काय सांगावं?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. मामांनी त्यांना हसून निरोप दिला, आणि त्याच संध्याकाळी मला बीडला फोन केला. मी बीडच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळं सरकारी मराठी मला कळत असेल असा मामांचा एक जुना गैरसमज आहे.

"इलेक्ट्रिक गाड्यांचं धोरण काढ फोनात," मामा म्हणाले. "आन् हळू वाच."

मी वाचलं. माफी होती, सवलत होती, हिरवी प्लेट होती. मामा मधेमधे "बराबर", "फुडं" असं म्हणत होते. घ्यायचं ठरलंच होतं, अडचण होती ती मामीची.

"आपल्या गावात लाईट दिवसातून कितींदा जाती, तुमाला ठाऊक न्हाई का?" मामी म्हणाली. "घरातली गेली तर निदान घरात तरी बसतो. गाडीतली गेली तर मी काय रानात बसू?"

मामांकडं सरकारी प्रश्नांची सगळी उत्तरं असतात; मामीच्या प्रश्नांचं एकही नसतं. एक आठवडा तसाच गेला. मग आम्ही तिघं शोरूमला गेलो, तेव्हा तिथल्या टाय लावलेल्या माणसानं त्यांना एक गाडी दाखवली, जिच्यात पेट्रोलचं इंजिनही होतं आणि बॅटरीही. हळू चालली की बॅटरीवर चालते, जोर लागला की इंजिन आपोआप चालू होतं, आणि ब्रेक दाबला की बॅटरी परत भरते. पिन लावायची नाही, प्लग शोधायचा नाही.

"म्हंजी लाईट गेली तरी चालती," मामी म्हणाली.

"म्हंजी इलेक्ट्रिकच हाय," मामा म्हणाले.

"हायब्रीड म्हणतात हिला, काका," तो माणूस म्हणाला.

मामीचा चेहरा पडला. आमच्याकडं हायब्रीड म्हणजे ज्वारी. पावसात भिजली की काळी पडणारी, भाकरी केली की कडेनं फाटणारी, दुष्काळात नाइलाजानं खाल्लेली. चांगली ज्वारी ती शाळू. "जिंदगीभर हायब्रीडची भाकरी खाल्ली," ती मला हळूच म्हणाली, "आता गाडी बी हायब्रीडच का? शाळूची मिळत न्हाई का रे?"

त्या माणसानं मामांना प्रामाणिकपणे सांगितलं, मी स्वतः ऐकलं, की काका, माफी पूर्ण इलेक्ट्रिकला आहे, हायब्रीडला आपल्या राज्यात नाही. मामा त्याच्याकडं पाहून मायेनं हसले. कुठल्याही नियमात बसत नाही म्हणून परत पाठवलेली माणसं त्यांनी नोकरीत बघितली होती, आणि त्यातली किती माणसं पुढच्या आठवड्यात बसवून घेतली होती, तेही त्यांना आठवत होतं. "तू गाडी दे," ते म्हणाले. "नियमाचं आमी बघतो."

नियमाचं बघायला ते मला घेऊन आरटीओत गेले. खिडकीपलीकडं मधल्या वयाच्या एक बाई बसल्या होत्या. शांत, चष्मा कपाळावर. मामांनी आपण कोण होतो ते आधी सांगितलं. बाईंनी नमस्कार केला. मग मामांनी मुद्दा मांडला.

"काका, गाडीला चार्जिंगची पिन लागते का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मग ती इलेक्ट्रिक नाही."

"बॅटरी हाय, मोटर हाय, मोटरीवर चाक फिरतंय. आणखी काय पाहिजे?"

"नियमात शुद्ध बॅटरीवरची पाहिजे."

"मग आमची काय भेसळीची हाय का?"

मागं रांगेत कुणीतरी हसलं. मामांना हसणारं माणूस मागं असलं की जोर येतो. ते जरा पुढं वाकले. "बरं, मॅडम, तुमचं बी राहू द्या, आमचं बी राहू द्या. गाडी अर्धी लाईटीची हाय ना? मग अर्धा टॅक्स माफ करा."

"अर्ध्याची तरतूद नाही, काका."

"मग नंबरप्लेट तरी अर्धी हिरवी करा."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदाच मामांकडं नीट पाहिलं. "अर्धी हिरवी केली," त्या म्हणाल्या, "तर पोलीस तुम्हाला पूर्ण पकडतील."

त्यांचं बोलणं एवढं रीतसर होतं, की मामांना राग आलाच नाही. बाहेर येऊन ते म्हणाले, "बाई हुशार हाय. माझ्या हाताखाली असती तर नायब तहसीलदार झाली असती." आणि मग, चहा पिताना, "निवेदन द्यावं लागंल. वर."

आता यात माझीही थोडी चूक आहे. मीच त्यांना फोनात वाचून दाखवलं होतं, की उत्तरेतल्या एका राज्यात हायब्रीडलाही नोंदणीचा कर माफ केलाय. मामा म्हणाले, तिथल्या सरकारला कळलं, आपल्याला कळवावं लागंल. निवेदनाचा मसुदा त्यांनी सांगितला आणि मी लिहिला. प्रश्न आला तो शब्दाचा. निवेदनात इंग्रजी शब्द नको, असा मामांचा हट्ट. हायब्रीडला मराठीत काय म्हणतात?

"संकरित," मी म्हणालो. मराठीचा मास्तर दुसरं काय म्हणणार?

"लिही," मामा म्हणाले. "विषय, संकरितास अंशतः सवलत मिळणेबाबत."

विषयात 'वाहन' हा शब्द टाकायचा राहिला. मजकुरात होता, पण मजकूर कोण वाचतो? महिनाभरानं मामांना एक फोन आला. कुठल्या कचेरीतून, ते त्यांना नीट ऐकू आलं नाही. 'योजना' एवढं ऐकू आलं आणि तेवढं त्यांना पुरे होतं. मी तेव्हा त्यांच्या ओसरीवरच बसलो होतो. फोन मोठ्या आवाजावर होता, कारण मामांचा फोन कायमच मोठ्या आवाजावर असतो.

"काका, तुमचा अर्ज आलाय. संकरित तुमच्याकडं किती आहेत?"

"एकच हाय."

"रंग?"

"पांढरा."

"जात कुठली?"

मामा थबकले, मग म्हणाले, "मूळ जपानी म्हणतात."

पलीकडचा माणूसही थबकला. "जपानी? आपल्याकडच्या उन्हात टिकते का?"

"टिकतीय की. दुपारच्याला जरा तापती. मग सावलीला लावतो."

"बरोबर करता. पाणी वेळेवर पाजता ना?"

"पाणी हाय, ऑइल हाय, सगळं वेळेवर."

"ऑइल?" तो म्हणाला. "काका, गाईला ऑइल?"

स्वयंपाकघरातून मामीच्या हातातली पळी खाली पडल्याचा आवाज आला. मामांनी फोन कानाला लावला, जणू मोठा आवाज आता बंद होईल. "गाई?" ते म्हणाले.

"संकरित गाईंच्या योजनेचं आहे ना हे? दूध किती देते?"

मामांनी फार सभ्यपणे सांगितलं, की देत नाही. पलीकडच्या माणसानंही तितक्याच सभ्यपणे सांगितलं, की मग भाकड जनावराला सवलत नाही. फोन बंद झाल्यावर मामी बाहेर आली. पदर तोंडाला लावून पुन्हा आत गेली. आतून बराच वेळ ती खोकत असल्यासारखा आवाज येत राहिला. मामांनी माझ्याकडं पाहिलं.

"संकरित," ते म्हणाले. "वा रे मास्तर."

सरकारी बाजूनं दार बंद झालं, तरी मामांच्या मनात टोल शिल्लक होता. चैत्रात आम्ही शिर्डीला निघालो. मामा गाडी चालवत होते, मी शेजारी, मामी मागं. संभाजीनगरच्या पुढं समृद्धीला लागलो आणि मामांनी आपला बेत सांगितला. पूर्ण लाईटीच्या गाडीला इथं टोल माफ. आपली गाडी हळू चालली की इंजिन बंद असतं आणि समोर हिरवी अक्षरं उमटतात, म्हणजे त्या वेळी ती पूर्ण लाईटीची असते. टोल कधीचा द्यायचा? नाक्यावरचा. मग नाक्यावर गाडी कशावर चाललीय, ते बघा आणि बोला.

"मामा, फास्टॅग लावलेलाय. तो आपोआप कापतो."

"कापू दे. कापल्यावर परत करता येतंय."

बाहेर पडायच्या नाक्याजवळ मामांनी पाय उचलला. गाडी अगदी लग्नातल्या नवरीसारखी हळूहळू पुढं गेली. समोर हिरवी अक्षरं उमटली. इंजिन गप्प. फास्टॅगनं आपलं काम केलं, दांडी वर गेली, आणि मामांनी गाडी तिथंच उभी करून काच खाली घेतली. बाहेरची झळ तोंडावर आली.

"भाऊ, जरा इकडं या."

केबिनमधला माणूस बाहेर आला. डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर दिवसभराचं ऊन. "काय झालं, काका? दांडी उघडली की."

"दांडी उघडली, पण पैसे चुकीचे कापले. ही गाडी या घडीला लाईटीवर हाय. तुमी ऐका."

"काय ऐकू?"

"काहीच ऐकू येणार न्हाई. तेच ऐका."

मागं एक टेम्पो, त्याच्यामागं एक जीप. हॉर्न सुरू झाले. पण तो माणूस बहुधा कंटाळलेला असावा, किंवा त्याला खरंच उत्सुकता वाटली असावी. तो बॉनेटजवळ गेला आणि कान लावून वाकला. मामांनी बोट ओठावर ठेवून मागच्या टेम्पोला दाखवलं. आश्चर्य म्हणजे टेम्पोवाल्यानं हॉर्न थांबवला. काय चाललंय ते बघायला तोही खिडकीतून बाहेर वाकला. नाक्यावर शांत झालं. आजारी माणसाच्या छातीला डॉक्टर कान लावतो आणि घरचे श्वास रोखून उभे राहतात, तसे आम्ही होतो.

"खरंच आवाज न्हाई," तो माणूस म्हणाला.

मामांनी माझ्याकडं विजयानं पाहिलं. आणि मागून मामीचा हात आमच्या दोघांच्या मधून पुढं आला. तिनं एसीचं बटण दाबून दाबून पार शेवटापर्यंत नेलं.

"आवं, लई उकडायलंय."

बॉनेटखाली घुर्र झालं आणि इंजिन जागं झालं. तो माणूस दचकून दोन पावलं मागं सरला.

"काका," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "उठलं ते."

टेम्पोवाला एवढा हसला की त्याच्या हातून हॉर्न परत दाबला गेला. मामांनी गाडी पुढं घेतली. मग मामा आरशात बघून म्हणाले, "एवढं उकडत हुतं तर काच खाली घ्यायची की."

"तुमची खालीच हुती," मामी म्हणाली. "तुमचं भाषण बाहेर जात हुतं आन् सगळं ऊन आत येत हुतं."

त्यानंतर मामांनी सवलतीचा विषय काढला नाही. पण गाडीचं कौतुक मात्र वाढलं. प्रवास संपला की गाडी सांगायची, आज किती टक्के बॅटरीवर चाललात. तो आकडा ते पारावर जाऊन सांगायचे. हळूहळू त्यांची नजर फक्त बॅटरीच्या काट्यावरच राहू लागली. बॅटरी आपोआप भरते, हे त्यांनी गावाला इतक्या वेळा सांगितलं, की गाडीतलं बाकी सगळंही आपोआप भरतं असं त्यांना वाटू लागलं असावं.

वैशाखात इवायाकडं आमरसाचं जेवण होतं. मला बीडमधून घेतलं आणि आम्ही वडवणीच्या रस्त्याला लागलो. मामीनं मागून विचारलं, "ते पिवळं कायतरी पेटलंय, ते कशाचं?"

"ते इंजिनाकडचं हाय," मामा म्हणाले. "आपण सध्या लाईटीवर हावोत."

मी वाकून पाहिलं. पिवळं होतं ते पेट्रोल पंपाचं चित्र. मी तोंड उघडायच्या आतच गाडीनं एक गचका दिला, इंजिन बंद पडलं, आणि तरीही गाडी चालत राहिली. हळू, पण चालत राहिली. अजिबात आवाज नाही.

"पेट्रोल संपलं, मामा."

मामांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. आयुष्यात फार थोड्या वेळा मी त्यांना इतकं सुखी पाहिलंय. "पेट्रोल न्हाई," ते म्हणाले, "आन् गाडी चालायलीय! आता बोल बे! हाय का न्हाई शंभर टक्के लाईटीची? बोलवा त्या बाईला! बोलवा त्या टोलवाल्याला!"

एक बैलगाडी आम्हाला मागं टाकून पुढं गेली. मामांनी तिच्या गाडीवानाला हात केला. बाभळीच्या एका झाडापर्यंत आमची गाडी शंभर टक्के लाईटीची होती. तिथं ती थांबली.

आजूबाजूला नांगरून ठेवलेली काळी रानं, वर आग ओकणारं ऊन, आणि बाभळीची सावली म्हणजे चाळणीतून पडल्यासारखी. मामी उतरून त्या सावलीत जाऊन बसली. म्हणाली, "शेवटी रानात बसवलंच."

फोन कुणाला करायचा, याला उत्तर एकच होतं, आणि तेच मामांना नको होतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, मग परत घेतला, मग स्वतःच लावला.

"काय झालं, इवाईबुवा?" पलीकडून इवाई म्हणाले. "चार्जिंग संपलं का?"

"न्हाई," मामा म्हणाले, आणि एकदम हळू आवाजात, "पेट्रोल."

थोड्या वेळानं ती हिरव्या प्लेटची गाडी आवाज न करता येऊन उभी राहिली. इवाई एकटेच होते. शेजारच्या सीटवर पेट्रोलचा कॅन, पोत्यात गुंडाळलेला, वरून सीटबेल्ट लावलेला. आमच्या जावयाच्या मोटारसायकलीतून नळीनं काढून आणलेलं पेट्रोल होतं ते. इवाई घामानं निथळत होते.

"माझ्या गाडीत पयल्यांदाच पेट्रोल बसलं बघा," ते म्हणाले. मामा टोमण्याची वाट बघत उभे होते. टोमणा आला नाही. इवाई स्वतःच ओशाळल्यासारखे दिसत होते. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "लवकर वता. वडवणीत सकाळपासनं लाईट न्हाई. रात्री चार्जिंगला लावायची राहिली. येताना एसी बंद करून आलोय. माघारी पोचंल का न्हाई, देवाला ठाऊक."

मामांनी कॅन हातात घेतला. पेट्रोल ओतून झाल्यावर इवायाकडं बघत त्यांनी टाकीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तुमी फुडं चला. हळू चला. मी मागं हाय."

अशी आमची वरात निघाली. पुढं हिरव्या प्लेटची गाडी, एसी बंद, काचा खाली, सायकलीच्या चालीनं, मागं आम्ही. वाटेत मघाचीच बैलगाडी लागली. गाडीवानानं दोन्ही गाड्यांकडं पाहिलं आणि बैलांना बाजूला घेतलं. वडवणीच्या अलीकडं एक चढ आहे. तिथं इवायाची गाडी रेंगाळली, तेव्हा मामा मोठ्यानं म्हणत होते, "चल बाई, चल, थोडंच राहिलंय," आणि ते आपल्या गाडीला म्हणत नव्हते.

पोचलो. घरात पंखा बंद, मिक्सर बंद, आमरस हातानं घोटत बसलेली मामेबहीण, आणि पाहुणे पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले. बर्फ संपला होता. इवायानं आपल्या गाडीकडं पाहिलं. तिला आता अंगणाच्या बाहेर न्यायची हिंमत नव्हती. मामा किल्ली बोटात फिरवून म्हणाले, "चला, इवाईबुवा, आमच्या भेसळीच्या गाडीत बसा. बर्फ आणू."

दोघं गेले. बर्फाच्या दुकानाला एवढा वेळ लागत नाही. परत आले तेव्हा रस कोमट झाला होता, पुऱ्या गार झाल्या होत्या, आणि पोत्यातला बर्फ निम्मा वितळला होता. दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. काय झालं, असं मामीनं तीनदा विचारलं. "काय न्हाई," मामा म्हणायचे आणि इवायाकडं बघायचे, की दोघं पुन्हा सुरू. शेवटी इवाई कसेबसे म्हणाले, "इहीणबाई, तुमच्या मालकांनी मला टेलिफोनवरच्या गाईचं सांगितलं."

मामीनं वाटीत बर्फाचा तुकडा टाकला, रस ओतला आणि आधी इवायापुढं ठेवला. मग मामांपुढं.

"खावा आता," ती म्हणाली. "गार हाय तवर."